पुढच्या काचेचं माप

लीना बोडसचा निरोप समारंभ होऊन तीन वर्षं झाली होती, आणि बाई अजून कोलकात्यातच होती.

समारंभ अगदी रीतसर झाला होता हो. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी तिची ओटी भरली, इरकली साडी दिली, प्राजक्ताने भाषण केलं, चैत्राली रडली, आणि तिला रडताना बघून लीनाही रडली. नवरा, जयप्रकाश, एका सरकारी इंजिनिअरिंग कंपनीतून नुकताच निवृत्त झालेला. मुलगी नूपुर बंगळूरला नोकरीला. सांगलीत विश्रामबागेत फ्लॅट घेऊन ठेवलेला, आणि शेजारच्याच दारात लीनाची थोरली बहीण शकुन. मग आता इथे राहायचं कशासाठी? ट्रकवाल्याशीसुद्धा बोलणं झालं होतं. आणि एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत जयप्रकाश म्हणाला, "तेवढी गाडी पुरी करतो आणि निघू या."

तेवढी गाडी! त्या तेवढ्यात तीन वर्षं गेली. निरोप घेऊन झालेल्या बाईने करायचं तरी काय, सांगा. गरियाहाटच्या बाजारात मंडळातली कुणी भेटली की "अगं बाई, तू अजून इथेच?" हे ठरलेलं. पहिल्या वर्षी लीना हसून उत्तर द्यायची. दुसऱ्या वर्षी तिने संध्याकाळचा बाजार सोडला आणि भर दुपारी, दुकानदार पेंगत असताना, भाजी आणायला जाऊ लागली. हळदीकुंकवाची बोलावणी आली तरी जाईना. ओटी भरून पाठवलेल्या बाईने पुन्हा वाण घ्यायला कोणत्या तोंडाने जायचं? शनिवारचा मुलांचा मराठीचा वर्ग ती घ्यायची, तोही भाग्यश्रीच्या हवाली करून झाला होता. इथलं सगळं सुटलं होतं आणि तिथलं काही सुरू होत नव्हतं. दिवसभर घरात बसून तिचा जीव नुसता घुसमटायचा.

आता त्या गाडीविषयी. बालीगंजमधल्या एका जुन्या घराचा तळमजला त्यांनी भाड्याने घेतलेला, त्याला लागून गॅरेज, पुढे सिमेंटचं लांबट अंगण आणि अंगणाच्या टोकाला लोखंडी फाटक. त्या गॅरेजात जयप्रकाशने चौकोनी लोखंडी नळ्या जोडून सांगाडा उभा केला, भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीचं इंजिन त्यात बसवलं आणि फायबरचं अंग स्वतःच्या हाताने ओतलं. दोन माणसांची, बसकी, टप नसलेली, दारं नसलेली, गर्द हिरवी स्पोर्ट्स कार. देखणी होती, खोटं कशाला बोला. पण असल्या घरगुती गाडीला नंबर देतं कोण? ती रस्त्यावर कधीच जाणार नव्हती, हे जयप्रकाशलाही पक्कं ठाऊक होतं. गॅरेजातून फाटकापर्यंत आणि फाटकापासून गॅरेजात, एवढीच तिची धाव. "मग एवढा खटाटोप कशाला?" असं लीनाने एकदा विचारलं, तर साहेब दोन दिवस धड जेवले नाहीत. तिने पुन्हा विचारलं नाही.

आधी इंजिन अडलं. मग गिअरबॉक्स. मग ब्रेक. दर वेळी "हे शेवटचं" असं म्हणायचा आणि शेवटच्याच्या पाठीमागून आणखी एक शेवटचं निघायचं. अखेर गेल्या उन्हाळ्यात फक्त पुढची काच राहिली, तेव्हा लीनाने त्याला गॅरेजच्या दारात गाठलं आणि शब्द घेतला. काच बसली, गाडी फाटकापर्यंत जाऊन परत आली, की झालं. मग सामान बांधायचं, एक दिवसही जास्त काढायचा नाही.

"दिला शब्द," जयप्रकाश म्हणाला.

शकुनताईला हे फोनवर कळवून झालं. त्या दिवसापासून दर रविवारी तिचा एकच प्रश्न, "लीने, काच झाली का गं?" शकुन तिकडे एकटी. दर आठवड्याला लीनाचा बंद फ्लॅट उघडायची, खिडक्या उघडून वारं खेळवायची, नळ सोडून बघायची. मध्यंतरी एकदा सहज म्हणाली, "हल्ली कुलपात किल्ली पटकन जात नाही गं माझ्याच्याने. भोकच दिसत नाही." तिचं ते सहज म्हणणं लीनाच्या काळजात रुतून बसलं. ताईला दिसेनासं होण्याआधी आपण तिथे पोचायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात घोळू लागलं.

तर काच. अशा गाडीला बाजारातली कुठलीच काच बसत नाही. काचेच्या कारखान्यात चौकशी केली तर तिथला माणूस हसायलाच लागला. एकच नग? शंभर घेणार असाल तर बोला. तेव्हा जाड अॅक्रिलिकचा तक्ता आणायचा, भट्टीत तापवून मऊ करायचा आणि लाकडी साच्यावर पसरून त्याला बाक द्यायचा, असं ठरलं. साचा करायचा तर आधी माप हवं, आणि मापात सगळ्यात नाजूक काय, तर काचेची वरची कड. गाडी बसकी, काच आखूड. ही कड चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या चार बोटं वर राहिली पाहिजे. डोळ्यांसमोरच आली तर पुढचं सगळं मधोमध कापलं जातं, माणूस धड काचेतून बघू शकत नाही, धड काचेवरून. जयप्रकाशने हे लीनाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की झोपेतही तिने म्हणून दाखवलं असतं.

माप घ्यायला एकाने गाडीत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून खुणा करायच्या. खुणा जयप्रकाश करणार. बसणार कोण? लीना. आता हा सहा फुटी माणूस आणि ती त्याच्या खांद्याला कशीबशी लागणारी. मग त्याने हिशोब केला. सीटवर लीनाच्या माहेरचा जेवायचा लाकडी पाट ठेवायचा, त्यावर उशी, आणि त्यावर लीना. म्हणजे तिचे डोळे बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. इंजिनिअर माणूस, असल्या हिशोबात चुकणारा नव्हे.

"तुम्हीच बसा ना, मी करते खुणा," लीना म्हणाली होती.

"तुला सरळ रेघ मारता येणार आहे का?" असं उत्तर आलं. शिवाय त्याचा उजवा गुडघा कुरकुरायचा, त्या खोल सीटमध्ये उतरणं आणि निघणं त्याला नको व्हायचं.

म्हणून लीना बसली. रोज सकाळी स्वयंपाक आटोपून बसायची. तिच्या चारी बाजूंनी दोऱ्या ताणलेल्या, समोर पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे चिकटपट्टीने अडकवलेले, एक तार कानाजवळून गेलेली, दुसरी कपाळासमोरून. हलायचं नाही. शिंक आली तर आधी सांगायचं. पायाला डास चावत असायचे आणि फायबरच्या रसायनाचा वास डोक्यात भिनलेला. जयप्रकाश भोवती फिरत असायचा, कधी वाकून, कधी एक डोळा मिटून, आणि तोंडाने अखंड, "हलू नकोस. मान सरळ. हां. अजिबात हलू नकोस." खूश असायचा हो तो तेव्हा. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली, पण त्याने तिच्याकडे इतका वेळ इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं. फक्त तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या डोळ्यांच्या उंचीकडे बघत होता. आपण आता या गॅरेजातच मरणार, असं लीनाला तिथे बसल्या बसल्या स्पष्ट वाटायचं. कधीकधी तर ओरडून सगळ्या दोऱ्या तोडून टाकाव्यात असा संताप यायचा. ती ओरडली नाही, कारण दोऱ्या तुटल्या असत्या तर माप पुन्हा पहिल्यापासून झालं असतं.

घोळ झाला तो गणपतीत.

बोडसांकडे दीड दिवसाचा गणपती. कुमारटुलीहून छोटी मूर्ती यायची, आणि ती बसायची त्या माहेरच्या पाटावर. घरात पाट होता तेवढा एकच. आदल्या संध्याकाळी लीनाने गॅरेजातून पाट उचलून आणला, घासूनपुसून त्यावर रांगोळी काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती बसवला. मोदकांचं सारण ढवळत होती, तोच जयप्रकाश हाका मारत आला. सुतार दुपारीच यायचा म्हणतोय, साच्याची वरची रेघ आत्ताच्या आत्ता पक्की करायला हवी.

"आज सणाचं?"

"पाच मिनिटं गं. तुला निघायची घाई आहे ना?"

हे असं म्हटल्यावर ती काय बोलणार? गॅस बंद करून गेली आणि नुसत्या उशीवर बसली. उशी तिच्या वजनाने दबली. समोरची तार रोज कपाळापुढे असायची, ती आज डोक्याच्याही वर गेली.

"अहो, आज पाट नाहीये," ती म्हणाली. "गणपती बसलेत त्यावर."

"हूं."

"ऐकलंत का? पाटावर गणपती आहेत."

"आहेत ना. येतो आरतीला. आता बोलू नकोस, मान हलते."

आणि लीना गप्प बसली. दोनदा सांगून झालं की तिसऱ्यांदा सांगायचं नाही, ही सवय तिला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी लागली होती. शिवाय गॅसवर सारण अर्धवट होतं. जयप्रकाशने तार खाली ओढली, तिच्या डोळ्यांपासून चार बोटं मोजली, रेघ मारली, आणि "फक्कड!" म्हणून पेन्सिल कानावर खोचली. दुपारी सुतार येऊन रेघ घेऊन गेला. त्या रेघेवर सगळा साचा उभा राहिला, आणि त्यात चूक आहे हे दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. लीनाच्या मनात तर दुसऱ्या दिवशीचं विसर्जन होतं.

दुर्गापूजा झाली, दिवाळी झाली, आणि साचा टेम्पोत घालून दोघं हावड्याला गेले. तिथे गौरांग साहा नावाच्या माणसाचा कारखाना, दुकानांच्या दिव्याच्या पाट्या बनवायचा. त्याच्याकडे तक्ते तापवायची मोठी भट्टी होती. गौरांगबाबू एकदम उत्साही गडी. गाडीची काच त्याने जन्मात केली नव्हती, पण काहीही विचारलं की "होये जाबे, बौदी, होये जाबे." होऊन जाईल, वहिनी. लीनाला त्याचा भयंकर राग यायचा, कारण हे वाक्य ती घरी तीन वर्षं मराठीतून ऐकत होती.

पहिला तक्ता भट्टीतून निघाला तो बुडबुड्यांनी भरलेला. इथल्या दमट हवेतलं पाणी तक्त्यात मुरलेलं, ते आतल्या आत उकळलं होतं. पुढच्या खेपेला दोन तक्ते आदल्या दिवसापासून मंद आचेवर वाळवून घेतले, तर साच्यावर घातलेल्या कापडाची वीण दुसऱ्या तक्त्यावर उमटली. त्यातून पाहिलं की सगळा कारखाना जाळीपलीकडे असल्यासारखा दिसायचा. जयप्रकाश शांतपणे म्हणाला, "असू दे. थंडी संपली की बघू."

"थंडी संपली की नाही," लीना इतक्या मोठ्याने म्हणाली की गौरांगबाबूची माणसं काम सोडून बघायला लागली. "आज. दुसरं मऊ कापड मिळतं का बघा. मी आणते."

आणि गेली की हो! हावड्याच्या त्या गर्दीत, ट्रकांच्या आणि हातगाड्यांच्या मधून वाट काढत, कापडाची तीन दुकानं पालथी घालून लहान मुलांच्या दुपट्यांचं मऊ फ्लॅनेल घेऊन आली. स्वतः साच्यावर ताणून बसवलं, सुरकुती म्हणून ठेवली नाही. तिसरा तक्ता निघाला तेव्हा चार कोपऱ्यांना चार माणसं लागत होती आणि गौरांगबाबूकडे तेव्हा तीनच उरली होती. लीनाने हातमोजे चढवले आणि चौथा कोपरा धरला. उलथताना गरम पुरणपोळी लोंबते तसा तो तक्ता मधोमध लोंबत होता आणि त्याची धग तोंडावर येत होती. चौघांनी मिळून साच्यावर टाकला, कडा दाबून धरल्या आणि निवेपर्यंत तसेच उभे राहिले. निवल्यावर गौरांगबाबूने उचलून उजेडात धरला. स्वच्छ. आरपार. एक ठिपका नाही, एक रेघ नाही. लीनाने चक्क टाळ्या वाजवल्या आणि मग तिला रडूच कोसळलं.

टेम्पोत काच गोधडीत गुंडाळून ठेवली, आणि पूल चढता चढताच तिने शकुनला फोन लावला. "ताई, झाली गं काच! आता पुढच्या महिन्यात आलेच बघ." शकुनने पलीकडून आनंदाने दोनदा विचारून खात्री करून घेतली. जयप्रकाश तिच्या पलीकडे खिडकीशी बसला होता. तो खाली नदीकडे बघत राहिला. दमला असेल, असं लीनाला वाटलं.

पुढच्या महिन्यात कुठलं! काच कापायची, कडा घासायच्या, भोकं पाडायची. त्या भोकांना त्याने जेवढे दिवस लावले तेवढ्यात माणसाने विहीर खणली असती. एक भोक पाडायचं आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत बसायचं. लीना चहा घेऊन जायची आणि विचारायची, "झाली का?" तो म्हणायचा, "होतेय." दिवसभरात त्यांचं एवढंच बोलणं व्हायचं. रात्री ती पाठ करून झोपायची आणि मनातल्या मनात सांगलीच्या फ्लॅटमध्ये भांडी लावायची.

अखेर जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी काच बसली. खाली रबराची पट्टी, त्यावर बोल्ट, प्रत्येक बोल्टखाली रबरी चकती, आणि वरच्या कडेला जाड काळी रबरी पट्टी. काय रुबाबदार दिसत होती गाडी! जयप्रकाशने ती ढकलत अंगणात आणली. तोंड फाटकाकडे. वरच्या मजल्यावरचं घरमालकांचं सगळं कुटुंब गच्चीत उभं राहिलं होतं. लीनाने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ बाजूच्या दगडावर फोडला. एक फेरी. एवढीच एक फेरी, आणि मग सुटका.

जयप्रकाश गुडघा सांभाळत सीटमध्ये उतरला. मागे टेकला. समोर बघितलं, आणि बघतच राहिला.

"काय झालं?"

त्याने मान खाली घातली, मग वर ताणली. पुन्हा खाली घसरून बसला, तर नाक स्टिअरिंगला लागलं. लीना समोर जाऊन उभी राहिली आणि तिला दिसलं. काचेची वरची कड, तिची ती जाड काळी रबरी पट्टी, जयप्रकाशच्या दोन्ही डोळ्यांवरून आडवी गेली होती. पट्टीवर त्याचं कपाळ दिसत होतं, पट्टीखाली नाक, आणि डोळे नव्हतेच.

"असं कसं होईल?" पट्टीमागून आवाज आला. "मी स्वतः मोजलंय. चार बोटं. मी स्वतः..."

"पाट," लीना म्हणाली.

"काय?"

"रेघ मारली त्या दिवशी पाट नव्हता. पाटावर गणपती होते."

जयप्रकाशने पट्टीवरून मान काढून तिच्याकडे बघितलं. "मग बोलली का नाहीस तू?"

"बोलले. दोनदा बोलले."

"तू गणपतीचं काहीतरी सांगत होतीस."

"तेच सांगत होते!"

गच्चीतून कुणीतरी बंगालीत विचारलं की गाडी सुरू का होत नाही. जयप्रकाशने हात वर करून थांबा अशी खूण केली. त्याचा चेहरा आधी पडला होता, पण हळूहळू त्यावर काहीतरी दुसरंच यायला लागलं. लीना त्याला चांगली ओळखत होती. तो सुटल्यासारखा दिसत होता.

"हरकत नाही," तो म्हणाला. "साचा वाढवू. आता गरमी सुरू होईल, गरमीत नको, घामाचे हात लागतात. पावसात तर तक्ता वाळणारच नाही. पूजा झाल्या की परत हावड्याला..."

पूजा झाल्या की. म्हणजे परत ते गॅरेज, परत त्या दोऱ्या, परत दुपारचा बाजार, आणि तिकडे ताई चाचपडत कुलूप उघडतेय. नाही. आता नाही.

"काच बरोबर आहे," ती म्हणाली. "बसणारा चुकलाय. उतरा."

"काय?"

"उतरा खाली. त्या बाजूला बसा. माझ्या मापाची काच आहे, मी चालवते."

जयप्रकाशच्या कंपनीच्या दुर्गापूरच्या कॉलनीत असताना ती नूपुरला रोज गाडीतून शाळेत सोडायची. कोलकात्यात आल्यावर चालवणं बंद झालं होतं, पण हात विसरले नव्हते. गच्चीतून सगळे बघत होते म्हणून असेल, जयप्रकाशने वाद घातला नाही. त्याला हाताला धरून उठवावं लागलं, पलीकडे बसवावं लागलं. मग लीनाने साडीचा पदर खोचला, सीट पुढे ओढून त्यावर तीच उशी ठेवली, आत उतरली आणि तिने समोर बघितलं. सगळं दिसत होतं. अंगण, तुळस, फाटक, फाटकापलीकडून जाणारा रिक्षावाला, सगळं लख्ख. कड डोळ्यांच्या चार बोटं वर, जशी हवी तशी.

इंजिन पहिल्याच दमात लागलं. तिने क्लच सोडला आणि गाडी निघाली. किती हलकी होती ती, आणि कसली गोड गुरगुरत होती! गार वारा काचेवरून डोक्यापर्यंत येत होता, चेहऱ्याला नुसता चाटून जात होता. लीनाला हसू आवरेना. फाटकापाशी तिने ब्रेक लावला, रिव्हर्स टाकून गाडी वळवली आणि गॅरेजपाशी आणून उभी केली. गच्चीत टाळ्यांचा कडकडाट झाला. कधी नव्हे इतकं हलकं तिला वाटत होतं. नवऱ्यावरचा राग गेला होता, गाडीवरचाही गेला होता. आणि गाडी खरोखरच सुंदर झाली होती.

"झाली फेरी," ती म्हणाली. "ट्रकवाल्याला आजच फोन करते."

जयप्रकाश समोर बघत म्हणाला, "ही धरायची नाही."

"म्हणजे?"

"मी चालवायला हवी होती. ही फेरी धरायची नाही."

लीनाने इंजिन बंद केलं. टाळ्या थांबल्या होत्या, माणसं आत गेली होती. ती गाडीतून बाहेर आली आणि घराकडे निघाली.

मागे धडपड ऐकू आली. जयप्रकाश निघायला बघत होता. सीट खोल, गुडघा आखडलेला, बाजूला धरायला दार नाही. त्याचा हात आपोआप काचेच्या कडेकडे गेला, आणि चटका बसल्यासारखा त्याने मागे घेतला. त्या कडेला धरून उठला असता तर बोल्टपाशी काच तडकली असती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मागे पडला. बुटक्या भिंतींच्या हौदात सापडावं तसा तो तिथे बसला होता.

"लीना, जरा हात दे गं."

लीना वळून परत आली. त्याच्या बाजूला उभी राहिली. हात दिला नाही.

"आधी एक सांगा. तुम्हाला सांगलीला यायचंय का?"

"आता हा काय प्रश्न झाला? आधी बाहेर तर..."

"यायचंय का?"

जयप्रकाशने रुमाल काढला, काचेवरचा हळदीचा डाग पुसला, रुमालाची घडी घातली. मग अगदी लहान आवाजात म्हणाला, "नाही."

इतकं सरळ उत्तर येईल असं लीनाला वाटलं नव्हतं.

"तिथे मी काय करू?" तो म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सकाळी पेपर, संध्याकाळी कट्टा. तिथे माझं कोण आहे? तुझी ताई आहे, तुझं सगळं आहे. इथे मला निदान हे गॅरेज आहे."

"मग तीन वर्षं हे बोलला का नाहीत?"

"तू विचारलंच नाहीस. तू एवढंच विचारायचीस, काच झाली का."

लीनाला हे लागलं. लागलं, कारण खरं होतं. उत्तर तिला ठाऊक होतं. टेम्पोतही ठाऊक होतं, त्याच्याही आधीपासून होतं, आणि म्हणून तर तिने प्रश्न केला नव्हता. एकदा नाही म्हणाला असता तर मग आपलं आपल्याला ठरवावं लागलं असतं. काचेची वाट बघणं त्यापेक्षा सोपं होतं. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत.

तिने दोन्ही हात पुढे केले. त्याने धरले. पाय रोवून तिने त्याला ओढलं, तो कण्हत उठला, एक पाय बाहेर, मग दुसरा, आणि तिच्या समोर उभा राहिला. हात मात्र सोडले नाहीत.

"मी जाते," लीना म्हणाली. "ताईकडे. मला जायचंय. तुम्ही राहा तुमच्या गॅरेजात, मी रागाने म्हणत नाही."

"एकटी?"

"एकटी. तुम्हाला वाटलं तर या. नाही वाटलं तर मी येऊन जाईन अधूनमधून."

जयप्रकाशने मान हलवली. मग गाडीकडे बघत, कसाबसा म्हणाला, "आणि मग माप घ्यायला बसेल कोण?"

लीना रडता रडता हसली. पस्तीस वर्षांत ‘राहा’ असं म्हणायला त्याला एवढंच जमलं होतं, हे तिला कळलं, आणि एवढ्यावर आपण राहणार नाही हेही कळलं.

"तुम्हीच बसा," ती म्हणाली. "तुमच्याच डोळ्यांच्या उंचीची हवी ना काच?"

तिने त्याच्या हातांतून आपले हात हळूच सोडवले आणि ती ताईला फोन करायला आत गेली.